ताऱ्यांची ताबेदारी

लातूर, रात्री उशिरा.

अमेरिकन संगीतकार जॉन केजची ‘अ‍ॅटलस एक्लिप्टिकॅलिस’ ही १९६१ सालची वाद्यवृंदरचना आज ध्वनिमुद्रणावरून ऐकली. बेच्वार या चेक ज्योतिर्विदाच्या तारानकाशांवर पारदर्शक कागद ठेवून, ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी शकुनग्रंथाच्या कौलाबरहुकूम केजने ताऱ्यांचे ठिपके उतरवले, त्यांनाच स्वर मानून ८६ वादकांसाठी स्वतंत्र लेखन सिद्ध केले, आणि वर, त्यांपैकी कितीही जणांनी ते वाजवावे अशी मुभा दिली. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या कीर्तनातली रागाची चौकट अंगवळणी पडलेल्या माझ्या कानांना ते स्वर आरंभी बेवारस वाटले. पुढे मात्र, येणाऱ्या स्वराची अपेक्षाच गळून पडल्यावर, एकेका नादाचे निरिच्छ अस्तित्व जाणवू लागले. १९६४ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांनी याच रचनेची उघड हेटाळणी केली. त्यांचा संताप मला समजतो: उभा जन्म रियाजात घातलेल्या कलावंताने ठिपक्यांची ताबेदारी सुखासुखी का पत्करावी?