वैतरणेच्या कांठचा नारणदेव

त्र्यंबकच्या डोंगरांत दोन नद्या जवळजवळ उगम पावतात. पूर्वेस जाते ती गोदावरी. तिच्या स्नानास सर्व हिंदुस्थानांतून यात्रेकरू येतात. पश्चिमेस उतरते ती वैतरणा. ती मोखाडा तालुक्याच्या दऱ्याखोऱ्यांतून वाट काढीत अरबी समुद्रास मिळते. हिचें नांव ऐकतांच आपल्या घरांतील वडील मंडळीस गरुडपुराण आठवतें. यमलोकाच्या वाटेवरील वैतरणी तरून जाण्यासाठीं गोप्रदान करण्याची आपल्यांत चाल आहे. जव्हार-मोखाड्याच्या वारली, कोकणा, ठाकूर व महादेव कोळी लोकांचा या नदीशीं जो संबंध आहे, तो मात्र मरणाचा नव्हे, जगण्याचा आहे.

वारल्यांच्या देवमंडळांत धरतरी, कणसरी व गावतरी, म्हणजे भूमि, धान्य व गोधन, यांस मोठा मान आहे. परंतु या तिघींचीही भिस्त ज्याच्यावर, तो पावसाचा देव नारणदेव होय. हें नांव 'नारायण' या शब्दावरूनच आलें असावें, असें आम्हांस वाटतें. मनुस्मृतींत नारायण शब्दाची फोड दिली आहे ती अशी: 'नारा' म्हणजे पाणी, आणि तें ज्याचें वसतिस्थान तो नारायण. आम्ही हा अर्थ पाठ करून विसरलों. डोंगरांतल्या निरक्षर वारल्यानें पाण्याचा देव पाण्याच्याच ठिकाणीं ठेवला! अमरकोशांत पाण्यास 'जीवन' व 'अमृत' अशीं नांवें आहेत. दूर प्रशांत महासागरांतील हवाई बेटांचे मूळ रहिवासी पाण्यास 'वाय' म्हणतात आणि संपत्तीस 'वायवाय'. तेव्हां ही समजूत एकट्या वारल्यांची नव्हे.

आपल्या घरांत पाण्याचा विचार झाला तो बहुतेक सोंवळ्या-ओंवळ्याच्या अंगानें. पाण्यास कोण शिवलें हें विचारलें गेलें. तें कोठून आलें, कोणीं वाहून आणलें, हें क्वचितच. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला, तो याच विचाराचें फळ होय.

या मुलखांत पाऊस शंभर इंचांच्या आसपास पडतो. जव्हारजवळ लेंडी नदीवरील दाभोशाचा धबधबा पावसाळ्यांत पाहणाऱ्यास येथें पाण्याचा दुष्काळ पडतो हें सांगूनही पटणार नाहीं. परंतु खाली काळा कातळ, आणि उतार असा कीं आलेलें पाणी थांबतच नाहीं. फाल्गुन-चैत्रांत विहिरी तळ गांठतात. मग बायका नदी-ओढ्याच्या पात्रांत झिरा उकरतात, आणि वाटीवाटीनें हंडा भरतात. आचमनास उडीद बुडेल इतकेंच पाणी घ्यावें, असें शास्त्र आहे. येथें सबंध घराचें पाणी त्याच हिशेबानें जमवावें लागतें! पाण्यास संस्कृतांत 'आपः' म्हणतात. हा शब्द स्त्रीलिंगी असून नेहमीं अनेकवचनीं चालतो. असें कां, हें विद्यार्थी विचारीत. डोक्यावर चुंबळ आणि तीवर हंडा-कळशी घेऊन चढण चढणारी बायकांची ती रांग पाहिली कीं निदान तो शब्द लक्षांत राहतो.

याच मोखाडा तालुक्यांत कोचाळें गांवाजवळ २०१४ सालीं मध्य वैतरणा धरण पुरें झालें. त्याची उंची १०२ मीटर असून तें मुंबईस दररोज सुमारें ४५ कोटी लिटर पाणी देण्यासाठीं बांधलेलें आहे. मुंबईस पाणी मिळूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. आपलीं मुलें-नातवंडें तेंच पितात. पण आपण देवास नैवेद्य दाखविल्यावांचून पानावर बसत नाहीं. ज्या डोंगरांत तें पाणी सांठतें तेथल्याच पाड्यांनीं उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी, हें कोणत्या शास्त्रांत बसतें तें आम्हांस कळलेलें नाहीं.

ज्येष्ठांत नारणदेव येतो. राब भाजून तयार असलेल्या जमिनींत नाचणी-वरईचा पेरा पडतो, रानांत कोंवळी भाजी उगवते. ती आधीं देवास दाखवितात, मगच चुलीवर चढते; आणि झिऱ्यावरची गर्दी मोडते.