संशय कोणावर?

माणसाला कोणतें व्यसन जडावें याला कांहीं नियम नाहीं. कोणाला तपकीर लागते, कोणाला चहा, कोणाला दुसऱ्यांच्या मुलामुलींचीं लग्नें जमविल्यावांचून चैन पडत नाहीं. मला इंग्रजी खुनांच्या कादंबऱ्या लागतात. ‘इंग्रजी’ हा शब्द मी मुद्दाम घालतें. भर रस्त्यांत पिस्तुलें उडवून पैशांसाठीं पाडलेला खून मला चालत नाहीं. मला हवा तो खून खेड्यांतल्या जुन्या बंगल्यांत, रात्रीच्या जेवणानंतर, शक्यतों विषानें झालेला. आणि करणारा त्याच घरांतला, दुसऱ्या दिवशीं सकाळीं सर्वांच्या पंक्तीला बसून निवांतपणें टोस्टला लोणी लावणारा.

हें व्यसन मला सासरीं आल्यावर लागलें. मामंजींच्या कपाटाचा खालचा कप्पा पेंग्विनच्या हिरव्या पुस्तकांनीं भरलेला होता. या प्रकाशकांनीं १९३५ पासून वेष्टनाचे रंग विषयवार वांटून दिले, त्यांत गुन्ह्यांच्या कथांच्या वांट्याला हिरवा आला. वरच्या कप्प्यांत गीतारहस्य आणि ज्ञानेश्वरी, खालीं हीं मंडळी. दुपारीं मागचें आवरलें कीं त्यांतलें एक काढून मी माजघरांत आडवी होत असें. आमच्या आत्याबाईंना तें मुळींच रुचत नसे. “एक माणूस मेलें, आणि तुम्हांला त्याचें कोडें सुचतें होय?” असें त्या एकदां म्हणाल्या, आणि मला उत्तर देतां आलें नाहीं.

आक्षेप खोटा नाहीं. या कथांतल्या मेलेल्या माणसासाठीं कोणी फारसें रडत नाहीं. फादर रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशकानें १९२९ सालीं अशा कथांचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेच्या आरंभींच भेटला पाहिजे, भुताखेतांची मदत घेऊं नये, अज्ञात विषें वापरूं नयेत, हातीं आलेला दुवा वाचकापासून लपवूं नये, असे ते नियम. दहाहि नियमांत मृताविषयीं एक अक्षर नाहीं! पुढल्याच वर्षीं लंडनांत ‘डिटेक्शन क्लब’ निघाला, चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि सभासदांना वाचकाशीं सचोटीनें वागण्याची शपथ घ्यावी लागे. सचोटी वाचकाशीं, मेलेल्याशीं नव्हे.

परंतु इतकीं वर्षें हीं पुस्तकें वाचल्यावर मला असें वाटूं लागलें आहे, कीं त्यांचें खरें मोल मेलेल्यांच्या बाजूनें पाहूंच नये. जिवंत राहिलेल्यांच्या बाजूनें पाहावें. खून झाल्यापासून शेवटच्या प्रकरणापर्यंत सातआठ माणसें एका छपराखालीं संशयांत दिवस काढीत असतात. त्यांतलें एक दोषी असतें, बाकीचीं निरपराध. शेवटीं गुप्तहेर सर्वांना दिवाणखान्यांत जमवून एकाचें नांव उच्चारतो, तेव्हां आपलें सारें लक्ष त्या एकाकडे जातें. त्याच क्षणीं बाकीच्या सहा-सात जणांच्या डोक्यावरचें ओझें उतरलेलें असतें, तें कोणी पाहत नाहीं. मी आतांशा तेंच पाहतें.

अगाथा ख्रिस्तीबाईंची १९४९ सालची ‘क्रूकेड हाऊस’ ही कादंबरी आपल्याकडच्या वाचकांनीं अवश्य वाचावी, कारण ती एका एकत्र कुटुंबाची कथा आहे. स्मर्नाहून इंग्लंडांत येऊन गबर झालेला एक वृद्ध ग्रीक, त्याचे दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें, मुलांना वाढविणारी मेलेल्या पहिल्या बायकोची वयस्क बहीण, आणि म्हाताऱ्याहून पन्नासएक वर्षांनीं लहान अशी त्याची दुसरी बायको! साऱ्यांची चूल जवळजवळ एक, तिजोरीहि एकच. म्हाताऱ्याला रोज इन्सुलिन टोचावें लागे. एके दिवशीं त्या बाटलींत त्याच्याच डोळ्यांत घालण्याचें विषारी औषध कोणीतरी भरून ठेवलें, आणि तें टोचलें गेल्यामुळें तो मेला. टोचणारी होती ती तरुण बायको.

आतां या घरांत काय होतें? कोणी ओरडत नाहीं, कोणी कोणाला दूषण देत नाहीं. मोठीं सभ्य माणसें. मात्र प्रत्येकाच्या मनांत एकच प्रार्थना असते, कीं ही करणी त्या दुसऱ्या बायकोचीच ठरावी. तिच्याविरुद्ध पुरावा आहे म्हणून नव्हे. ती ठरली तर आपल्यांतला कोणी ठरत नाहीं म्हणून. ती चहाच्या दुकानांतून आलेली, रक्ताच्या नात्याची नव्हे. घरांतली शहाणी नात मात्र आपल्या प्रियकराला स्पष्ट सांगते, कीं खरें काय तें कळेपर्यंत मी लग्न करणार नाहीं. खुनी कोण तें मी येथें सांगणार नाहीं. (शेवटचें पान आधीं वाचणाऱ्या मंडळींविषयीं माझें मत फारसें चांगलें नाहीं.) पण निरपराध माणसांचे चेहरे एकमेकांकडे पाहतांना कसे बदलतात, तें जितकें या पुस्तकांत दिसतें तितकें फार थोड्या ‘गंभीर’ कादंबऱ्यांत मला दिसलें आहे.

नऊ वर्षांनीं, १९५८ सालीं, बाईंनीं हाच धागा ‘ऑर्डील बाय इनोसन्स’मध्यें आणखी ताणला. तेथें आईच्या खुनाबद्दल घरांतल्या वाया गेलेल्या मुलाला शिक्षा होऊन तो तुरुंगांत मेलेला आहे. दोन वर्षांनीं एक गृहस्थ येऊन सांगतो, कीं तो मुलगा निर्दोष होता, त्या वेळीं तो माझ्याबरोबर गाडींत होता. त्याला वाटतें, घरच्यांना आनंद होईल. पण त्यांचे चेहरे पांढरे पडतात. कारण तो निर्दोष, तर मग उरलेल्यांपैकींच कोणीतरी एक! आपल्या साऱ्या गुप्तहेरकथांत या दोन कथांनीं आपलें सर्वाधिक समाधान झालें, असें ख्रिस्तीबाईंनीं आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. दोन्हींत पॉयरो नाहीं आणि मिस मार्पलहि नाहीं.

मला या कथांतलें मर्म लवकर उमगलें त्याला माहेरची एक गोष्ट कारण आहे. मी नऊदहा वर्षांची असेन. थोरल्या काकूंच्या सुनेची मंगळागौर झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीं काकूंची एक पाटली नाहींशी झाली. वाड्यांत त्या दिवशीं पाहुण्यारावळ्यांसकट तीसएक माणसें होतीं. फडताळें रिकामीं केलीं, गाद्या उलगडल्या, न्हाणीघराच्या मोरीचा जाळीदार दगडहि उचलून पाहिला. पाटली सांपडली नाहीं.

त्या वेळीं आमच्याकडे स्वयंपाकाला एक विधवा बाई होत्या. त्यांना कोणी एक शब्द बोललें नाहीं. फक्त तुपाच्या बरणीची जागा बदलली. कोठीची किल्ली खुंटीवरून आजीच्या कनवटीला गेली. आजी एरव्हीं सकाळीं देवघरांत असायची, ती जपमाळ घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसूं लागली. पंधराव्या दिवशीं त्या बाई म्हणाल्या, भावाचा निरोप आला आहे, मला जावें लागेल. निघतांना त्यांनीं आपलें बोचकें माजघरांत आणलें आणि कोणी मागितलें नसतां सर्वांच्या देखत सोडलें. दोन लुगडीं, एक धाबळी, विठोबाची तसबीर, पितळेचा एक डबा. डब्याचें झांकणहि त्यांनीं काढून दाखविलें. मग सावकाश गांठ मारून आजीच्या पायां पडल्या आणि गेल्या. आजीच्या तोंडून ‘अहो, हें काय?’ एवढेंसुद्धां निघालें नाहीं.

बाई गेल्या, संशय गेला नाहीं. तो रिकामा झाला तसा दुसऱ्याच्या घरीं बसायला गेला. आधीं शिकायला राहिलेल्या एका भाच्यावर, मग धाकट्या काकूंवर. वीस वर्षांनीं वाटणीच्या वेळीं भांड्यांची यादी चालू असतां थोरल्या काकू एकाएकीं म्हणाल्या, “आणि ती पाटली?” धाकट्या काकू उठून आंत गेल्या. त्या दोघी जावा पुढें कार्यप्रसंगींहि एका पंक्तीला बसल्या नाहींत. पाटली अखेरपर्यंत सांपडली नाहीं. आमच्या दिवाणखान्यांत सर्वांना जमवून नांव सांगणारा कोणी आला नाहीं.

पुढें विल्की कॉलिन्सची १८६८ सालची ‘द मूनस्टोन’ वाचली, तेव्हां मला त्या बाई आठवल्या. श्रीरंगपट्टणच्या १७९९ सालच्या लुटींत एका इंग्रज अधिकाऱ्यानें पळविलेला हिंदी देवाचा हिरा, तो इंग्लंडांतल्या एका घरांतून रातोरात जातो, अशी ती कथा. त्या घरांत रोझॅना नांवाची एक मोलकरीण आहे. पूर्वी चोरीबद्दल शिक्षा भोगून आलेली. संशयानें कोठें जावें हें तेथेंहि ठरलेलेंच असतें. हिरा कोणीं नेला तें सावकाश कळतें, पण तोंवर रोझॅनानें समुद्रकांठच्या फसव्या वाळूंत जीव दिलेला असतो. कॉलिन्सनें या कथेंतले कांहीं दुवे खऱ्या प्रकरणावरून घेतले होते. १८६० सालीं रोड हिल हाऊस नांवाच्या घरांत जेमतेम चार वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्यांत पहिला संशय गेला तो त्याला सांभाळणाऱ्या दाईवर. तिला पोलिसांनीं पकडलें आणि सोडलें. लंडनहून आलेल्या विचर या हुशार गुप्तहेरानें घरच्या सोळा वर्षांच्या मुलीचें नांव घेतलें, तेव्हां मात्र कुलीन मुलीवर असला आळ घेतो म्हणून सारें इंग्लंड त्याच्यावरच तुटून पडलें. पांच वर्षांनीं त्या मुलीनें आपण होऊन कबुली दिली.

आणि एक प्रकरण असें आहे, कीं तें वाचतांना मला कादंबऱ्यांची आठवणच राहिली नाहीं. मुंबईचे शापूरजी एदलजी हे पारशी गृहस्थ ख्रिस्ती होऊन इंग्लंडांत स्थायिक झाले, आणि स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वायर्ली या खाणींच्या गांवीं पाद्री झाले. बायको इंग्रज. थोरला मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅममध्यें वकिली करी. आगगाडीनें प्रवास करणाऱ्यांसाठीं रेल्वेच्या कायद्यावर त्यानें एक लहानसें पुस्तकहि लिहिलें होतें. काळा पाद्री गांवाला सलत असे. घरावर वर्षानुवर्षें निनांवी पत्रें येत. १९०३ सालीं त्या भागांत रात्रीं घोडे, गुरें, मेंढ्या यांचीं पोटें कोणीतरी फाडूं लागला. ऑगस्टांत खाणीचा एक तट्टू असाच सांपडला आणि पोलिसांनीं जॉर्जला धरलें.

बापानें शपथेवर सांगितलें, कीं मुलगा माझ्याच खोलींत निजतो, दाराला आंतून कुलूप असतें आणि माझी झोंप सावध आहे. ज्यूरीनें तें मानलें नाहीं. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तो तुरुंगांत असतांहि जनावरें फाडलीं जातच होतीं. दहा हजार लोकांनीं सह्या करून अर्ज केला, आणि तीन वर्षांनीं, १९०६ सालीं, कारण न सांगतां त्याला सोडण्यांत आलें. सोडलें, पण निर्दोष म्हटलें नाहीं. असा माणूस ना घरांतला ना तुरुंगांतला.

त्यानें शेरलॉक होम्सच्या जनकाला पत्र लिहिलें. सर आर्थर कॉनन डॉईल यांनीं त्याला लंडनच्या एका हॉटेलांत भेटीस बोलाविलें. डॉईल पोंचले तेव्हां तो वर्तमानपत्र वाचीत बसला होता. कागद डोळ्यांशीं अगदीं लावलेला, तोहि जरा तिरपा. डॉईलनीं व्हिएन्नाला नेत्रवैद्यक शिकलेलें होतें. दुरूनच त्यांच्या लक्षांत आलें, कीं ज्याला दिवसाउजेडीं समोरचें माणूस धड दिसत नाहीं तो अंधाऱ्या, पावसाळी रात्रीं आगगाडीचे रूळ ओलांडून, कुंपणें चुकवून, पहाऱ्यावरच्या पोलिसांना टाळून शेतांतलें तट्टू शोधूं शकणार नाहीं. ज्या एका गोष्टीकडे न्यायालयांत कोणीं पाहिलें नव्हतें, ती पाहायला त्यांना अर्धें मिनिट पुरलें.

जानेवारी १९०७ मध्यें त्यांनीं ‘डेली टेलिग्राफ’मध्यें हें सारें लिहिलें आणि इंग्लंडांत खळबळ उडाली. त्याच वर्षीं तेथें फौजदारी अपिलांचें न्यायालय निघालें. त्याला या प्रकरणाचाहि हातभार लागला. सरकारनें चौकशी समिति नेमली. समितीनें ठरविलें, कीं जनावरें जॉर्जनें मारलीं नाहींत. परंतु कांहीं निनांवी पत्रें त्याचींच असावीं, म्हणजे संशय त्यानें आपणच ओढवून घेतला, सबब भरपाई नाहीं.

सप्टेंबर १९०७ मध्यें डॉईलनीं दुसरें लग्न केलें, त्या समारंभाला जॉर्ज एदलजीला आग्रहाचें बोलावणें होतें आणि तो गेला. वकिलीची सनद त्याला परत मिळाली. पुढें तो बहिणीबरोबर राहिला आणि १९५३ सालीं वारला. ग्रेट वायर्लीचीं जनावरें कोणीं फाडलीं हें आजवर ठरलेलें नाहीं.