चिंचोक्यांचा ब्लॅकजॅक

दिवाळी संपली तरी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या घरातले पत्ते काही कपाटात गेले नव्हते. रात्रीची जेवणे आटोपली की काका आणि पुतण्या टेबलाशी समोरासमोर बसत. पैशांच्या जागी चिंचोके. काकूंनी डब्यातून मोजून शंभर दिले होते आणि मोजूनच परत घेणार होत्या.

पुतण्या सव्वीस वर्षांचा, खासगी नोकरीतला. मित्रांबरोबर गोव्याला गेला, पणजीत मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर चढला आणि एका रात्रीत बावीस हजार घालवून बसला. पैसे त्याचे नव्हते. घराच्या रंगकामासाठी वडिलांनी ते त्याच्याकडे ठेवायला दिले होते. वडिलांना अजून पत्ता नव्हता. जानेवारीत मित्र पुन्हा जाणार होते. ब्लॅकजॅक खेळण्याची एक गणिती रीत असते, असे त्याच्या कानावर आले होते.

"काका, तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत. एवढं शिकवा. गेलेले परत आणतो."

काकांनी आयुष्यात मेंढीकोट आणि रमीपलीकडे काही खेळले नव्हते. रायपुरात कॅसिनो नाही, छत्तीसगडचा २०२२ चा जुगारबंदी कायदा कडक आहे. गोव्याने मात्र आपल्या १९७६ च्या कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांना आणि बोटींना मुभा दिली. काकांनी अट घातली, "पंधरा दिवस चिंचोक्यांवर. मग बघू."

खेळ वरवर पोरखेळ. एकवीसच्या जवळ जायचे, पण ओलांडायचे नाही. चित्रांची पाने दहाची, एक्का एक किंवा अकरा. वाटणाऱ्याचे एक पान उघडे असते आणि सतरा होईपर्यंत त्याला पान घ्यावेच लागते. गोम एवढीच, की आधी खेळायचे आपण. आपण एकवीस ओलांडले की पैसे गेले, मागाहून वाटणाराही बुडाला तरी ते परत येत नाहीत. कॅसिनोची कमाई मुख्यतः इथेच आहे.

प्रत्येक हातावर काय करावे याचा हिशेब अमेरिकेच्या लष्करातल्या चार तरुणांनी साध्या गणकयंत्रांवर मांडला आणि १९५६ मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. काकांना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी वहीत तक्ता आखला. वाटणाऱ्याचा छक्का उघडा असेल तर तो शंभरात बेचाळीसच्या आसपास वेळा बुडतो, म्हणून आपण बारावरही थांबायचे. अठ्ठ्यांची जोडी फोडायची, दश्श्यांची कधीच नाही. त्याचा एक्का उघडा असला की 'विमा' म्हणून जादा पैसे लावायला सांगतात, ते लावायचे नाहीत. सहा कॅट मिसळून खेळले तर त्या विम्यात शंभरामागे सातेक रुपये जातात.

पोरगा अडायचा तो सोळावर. समोर दश्शी, हातात सोळा. तेरा प्रकारच्या पानांपैकी आठ पाने बुडवणारी. त्याचा हात पुढे होईना. थांबले तरी वाटणारा चारपैकी तीन डाव नेतोच, म्हणून तक्ता सांगतो, पान घे. दोन्ही वाटा वाईट, एक किंचित कमी वाईट. त्याने घेतले, नव्वी आली. चिंचोके गेले, पण काकांनी वहीत बरोबरची खूण केली. शाळेतली सवय, उत्तरापेक्षा रीतीला गुण.

बाराव्या दिवशी त्याची एकही चूक झाली नाही. त्या रात्री काकांनी वही उलटी करून दुसरा हिशेब मांडला. तासाला साठ डाव, डावाला पाचशे, म्हणजे तीस हजारांची उलाढाल. वाटणाऱ्याची नक्कल करत सतरापर्यंत पान घेत गेलास तर शंभरामागे साडेपाच, तासाला सोळाशे पन्नास जातील. तक्त्याबरहुकूम खेळलास आणि टेबलाचे नियम चांगले असले, तर शंभरामागे अर्धा. तासाला दीडशे.

"म्हणजे दीडशे मिळणार?"

"जाणार."

"सगळं बरोबर खेळूनही?"

"सरासरीने, हो. एखाद्या रात्री जिंकशीलही. तेच वाईट."

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते, पण तेव्हा त्याने ऐकले नसते. मग त्याने विचारले, "बाबा झोपले असतील का हो?"

वडील जागे होते. तासभर आवाज चढला, मधे दोनदा काकू पाणी घेऊन गेल्या. रंगकाम पुढच्या दिवाळीवर गेले. महिन्याला दोन हजार, असे अकरा महिने फेडायचे ठरले.

चिंचोके मात्र डब्यात परत गेले नाहीत. रविवारी दुपारी आता काकूही बसतात. दश्श्यांची जोडी बिनदिक्कत फोडतात आणि एक्का दिसला की विमा हमखास लावतात. काका तक्ता दाखवतात, तेव्हा म्हणतात, "तुमच्या एलआयसीचे हप्ते मीच भरत आले. मला नका सांगू."