रुंद टायर आणि काळी माती

परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी आमचा हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या बदलल्या, पाट्या बदलल्या. माती तीच राहिली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि मृग बरसला की फुगून चिकट झालेला चिखल. जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. ती अरुंद, त्यामुळे चिखल कापत खोल जाई आणि बैल गुडघ्यावर येत. पुढे टायरगाड्या आल्या. रुंद रबरी चाक मातीत तेवढे रुतेना. तेव्हापासून आमच्याकडे एक समज पक्का झाला : चाक जितके रुंद तितके चांगले.

आता बैलांच्या जागी मोठ्या इंजिनाच्या गाड्या आल्या आहेत आणि तो समज त्यांच्यामागेही आला आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी टायरचे दुकान चालवतो. दहावीनंतर त्याचे शिक्षण सुटले. 'पंक्चरवाले' म्हणून आमच्या पोरांना हिणवणारे पुष्कळ आहेत; पण टायरवरून नुसता हात फिरवून गाडीचे अलाइनमेंट कुठे बिघडले हे सांगणारे हात आम्ही त्याच दुकानात पाहिले. एका संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "सर, आपीच पढाए थे ना, रगड जागा पे नै रहती बोलके? फिर ये चौडे टायर कायकू पकडते?"

उर्दू पुस्तकात जिला 'रगड' म्हणतात तेच मराठीतले घर्षण. ते स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा नियम फ्रान्सच्या आमोंताँने १६९९ मध्ये मांडला आणि आम्ही तो दरवर्षी फळ्यावर लिहितो. प्रश्न मात्र परीक्षेतला नव्हता. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक आले होते. जुनी पण जोरदार डिझेल गाडी, मागच्या चाकांवर चालणारी. आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिससाठी नांदेडला न्यायचे. घरापासून सडकेपर्यंत कच्ची वाट. तिथे ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाके जागच्या जागी फिरतात. गिऱ्हाईक म्हणत होते, "भाई, पैशाचं बघू नको, सगळ्यात रुंद टायर टाक. आई मागं बसलेली असते." रुंद टायरात दुकानाला नफाही जास्त. तरीही तो विचारायला आला, याचे आम्हाला कौतुक वाटले.

आमोंताँचा नियम लाकूड, दगड, लोखंड यांना लागू पडतो. रबराची तऱ्हा वेगळी. ते दबते आणि डांबराच्या खरबरीत खड्यांत शिरून त्यांना धरते. रबरावर भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून तोच भार जास्त रबरावर पसरला तर फायदा होतो. फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाड्यांचे मागचे टायर २०१७ साली ३२५ मिलिमीटरवरून ४०५ मिलिमीटर केले गेले, ते उगाच नाही.

पण गाडी जमिनीला टेकते किती? दोन हजार किलोची गाडी, म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण पाचशे किलो. हवा ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. भागाकार करा : ठसा जवळपास २१५ चौरस सेंटिमीटर, जेमतेम दोन पोस्टकार्डे. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर हा ठसा फारसा वाढत नाही; लांबट असतो तो आडवा होतो. कोरड्या सडकेच्या वळणावर तो आडवेपणा कामी येतो. पावसात तोच नडतो. रुंद टायरला समोरचे जास्त पाणी बाजूला सारावे लागते. ते जमले नाही की चाक पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही ऐकेनासे होतात. आमच्याकडे तर शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचा थर थेट डांबरावर आणून ठेवतात.

कच्च्या वाटेचे गणित आणखी निराळे. मातीची ताकद दोन गोष्टींची, हे कूलोम या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७६ च्या निबंधात दाखवले : कणांचा आपसातला चिकटपणा आणि वरच्या भाराने येणारे घर्षण. ओल्या काळ्या मातीत घर्षण फार थोडे उरते, काम चिकटपणावर चालते. आणि तिथे क्षेत्रफळाला खरोखर किंमत असते. म्हणून ट्रॅक्टरचे मागचे टायर रुंद आणि उंच नक्षीचे असतात. पण ट्रॅक्टरला भर पावसात वेगाने नांदेड गाठायचे नसते. शिवाय मोटारीच्या टायरच्या बारीक खाचांत ही माती भरली की चाक गुळगुळीत होते, मग ते रुंद असो की अरुंद.

आमच्या विद्यार्थ्याने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. गाडीला २३५/६५ आर १७ टायर होते : रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १७ इंच. गिऱ्हाइकाला हवे होते २६५/६५. त्याने चाकाचा व्यास सुमारे ३९ मिलिमीटर वाढणार, म्हणजे पाच टक्के. स्पीडोमीटर शंभर दाखवील तेव्हा गाडी १०५ ने धावत असणार. वळताना टायर मडगार्डला घासण्याची भीती वेगळी. मग त्याने स्वतःच आठवून सांगितले, "सर, पुराने टायर तो घिस के निशान पे आ गए." खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटरची खूण असते. टायर तिथपर्यंत झिजला की बदलायचा. आजाराचे मूळ रुंदीत नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी त्याने गिऱ्हाइकाला त्याच मापाचे, खोल आणि मोकळ्या नक्षीचे चार टायर दिले. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांवरून ते कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनले तेही दाखवले. वाचलेल्या पैशांत घरासमोरच्या सर्वांत वाईट तुकड्यावर मुरूम टाकायला सुचवले. नफा कमी झाला. गिऱ्हाइकाने दोन ट्रॉल्या मुरूम टाकला आणि आईच्या फेऱ्या चालू राहिल्या.

यंदा घर्षणाचा धडा आला तेव्हा आम्ही त्याला वर्गात बोलावले. टायरचा कापलेला तुकडा बाकांवरून फिरला. फळ्यावर एका बाजूला 'रगड', दुसऱ्या बाजूला 'घर्षण', मध्ये २३५/६५. दोन महिने गैरहजर राहून गॅरेजात जाणारा एक मुलगा त्या दिवशी आला होता. बाजूची उंची त्यानेच सगळ्यांच्या आधी काढली : १५२.७५ मिलिमीटर. तास संपल्यावर आमच्या विद्यार्थ्याने त्याला जवळ बोलावून एवढेच सांगितले, "दुकान मे आना, मगर स्कूल छूटे के बाद."