दोन कायदे आणि एक कारवानी

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कारवानी कुत्रं हल्ली दोन ठिकाणी बघायला मिळतं. एक म्हणजे मोशी, चऱ्होली, कुरुळी, निघोजे अशा गावांत. तिथं जमीन विकून उरलेल्या तुकड्यावर बंगला, गोठा आणि पत्र्याची शेड उभी असते आणि फाटकाशी हे साखळीला बांधलेलं असतं. दुसरं ठिकाण वाकड-रावेतच्या सोसायट्यांचं. तिथं ते सकाळी लिफ्टनं खाली उतरतं, पार्किंगला एक चक्कर मारतं आणि परत वर जातं. दोन्हीकडे मालक कौतुकानं सांगतो, हे शिकारी जातीचं आहे. पळताना मात्र ते दोन्हीकडे दिसत नाही. माझं म्हणणं असं आहे की ज्याला हे कुत्रं नियमानं मोकळं पळवता येत नाही त्यानं ते पाळू नये, आणि ज्याला ते सशामागं सोडायचं आहे त्यानं तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. म्हणणं माझं असलं तरी बंधनं कायद्याची आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. फासे लावणं, हाकारे घालून काढणं, कुत्रे सोडून पाठलाग करणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं तीत येतं. म्हणजे ससा सुटून गेला तरी गुन्हा घडलेला असतो. आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यातलं 11 वं कलम सांगतं की कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही छळच. पहिली बाजू लोकांना ऐकून तरी माहीत असते. दुसरी बाजू पट्टा हातात असलेल्या दहांतल्या एकालाही ठाऊक असेल असं वाटत नाही.

व्यायाम म्हणजे किती आणि कसला, हे समजायला या जनावराकडे नीट बघावं लागतं. तोंड लांबट आणि निमुळतं, कवटी चपटी, छाती खोल, आणि पोट इतकं आत गेलेलं की नवखा माणूस मालकालाच दटावतो, याला खायला घालत नाही का. खायला भरपूर असतं. जुन्या वस्त्यांवर दुधाताकात कुस्करलेली भाकरी आणि जमेल तेव्हा हाडकं, आता पोत्यातलं तयार खाद्य. पण अंगावर चरबी धरतच नाही. कातडी पातळ, त्यामुळं उघड्या फरशीवर बसून बसून कोपरांना घट्टे पडतात. जाणता मालक खाली पोतं किंवा जुनी गोधडी टाकतो. डॉक्टरलाही हे कुत्रं कोणत्या जातीचं ते आधी सांगावं लागतं, कारण या बांध्याच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं बेतानं द्यावी लागतात. भरधाव सुटल्यावर एकेका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात, एकदा पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढंमागं पूर्ण ताणलेले असताना. घोड्याचे ते एकदाच सुटतात. शिकार ते नाकानं नव्हे, डोळ्यांनी करतं. लांबवर गवतात काही हललं की मान ताठ होते, शेपटीचं टोक थांबतं आणि मालकाची हाक त्या क्षणापुरती त्याला ऐकू येईनाशी होते. याला लोक हट्टीपणा म्हणतात. पण उठलेला ससा पळता पळता एकाएकी उलटा फिरतो, काट्याकुंपणातून आरपार जातो. तेव्हा मागच्या माणसाला विचारत बसणारं कुत्रं काय कामाचं? आपलं आपण ठरवणारी कुत्रीच पिढ्यान् पिढ्या निवडली गेली. त्या निवडीचं फळ आज सर्व्हिस रोडच्या कडेला पट्ट्याला हिसके देतं.

या पट्ट्यातला त्याचा जीवनक्रम साधारण ठरलेला आहे. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं असताना येतं, बहुतेक वेळा सोलापूर, लातूर किंवा सीमेपलीकडच्या मुधोळकडून. पहिले चार महिने ते घरभर असतं, मुलांच्या अंगाखांद्यावर. मग पाय एकदम लांबतात, चपला आणि पायपुसणी फाटू लागतात. सात-आठ महिन्यांचं झालं की एक दिवस ते शेजाऱ्याची कोंबडी धरतं, आणि त्या दिवसापासून साखळी. साखळी जिथवर पोचते तिथवरच्या मातीत अर्धगोल चर पडतो, गळ्याभोवती केस झिजून पट्ट्याची खूण उमटते. दोन वर्षांचं होईतो ते एक तर येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावून जायला लागतं किंवा कशालाच मान वर करत नाही. मालक पहिल्याला राखणीचा गुण म्हणतो, दुसऱ्याला शांत स्वभाव. पुढची दहा-बारा वर्षं यात फारसा फरक पडत नाही. म्हातारपणी ते उन्हाच्या तुकड्यामागं सरकत राहतं, थंडीत कुडकुडतं, आणि त्याच्या जागी दुसरं येतं, पुष्कळदा रॉटवायलर.

यावर गावाकडचा पहिला आक्षेप परंपरेचा. आमच्या आज्या-पणज्यांनी माळावर ससे मारले, त्यानं काय जंगल ओस पडलं? शिवाय ससा भुईमुगाची, हरभऱ्याची नासाडी करतोच. यात तथ्य नाही असं नाही. पण ज्या माळाच्या जोरावर हा युक्तिवाद उभा होता तो माळच आता नाही. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग भोसरी-आकुर्डीचे कारखाने. 1982 मध्ये महानगरपालिका झाली, 1997 मध्ये मोशी, चऱ्होली, तळवडे, चिखली अशी गावं तिच्या हद्दीत आली. आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारींचं झालं. म्हाळुंगे, सावरदरी, वासुली, भांबोली इथल्या ज्या मुरमाड, कुसळी गवताच्या पडीक जमिनी होत्या तिथं आता कंपाउंडच्या भिंती आणि ट्रकतळ आहेत. भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशी आणि मधल्या न विकलेल्या तुकड्यांत जे ससे, तितर, एखादं खोकड उरलं असेल, ते पळून पळून जाणार कुठं? एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला भिंत. आज्याच्या वेळी सशाला निम्मी तरी संधी होती. पीक राखायला कुंपण आहे. आणि एक बोलून टाकतो: सशामागं कुत्री सोडणाऱ्यांत भुईमूग पिकवणारे कमी आणि त्याचे व्हिडिओ काढणारे जास्त असतात.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू असतो आणि तो परदेशाचा दाखला घेऊन येतो. जर्मनीत तारेसारख्या खरखरीत केसांचं ड्राटहार नावाचं शिकारी कुत्रं आहे. त्याची संघटना 1902 पासून चालते, आणि शेतात, रानात, पाण्यात काम करून दाखवल्याशिवाय तिथं कुत्र्याला पैदाशीची परवानगी नाही. रूप नंतर, काम आधी. मग आपल्याकडेही शिकार मोकळी केल्याशिवाय कारवानी कसं टिकणार? दाखला खरा आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. एक तर तिथं शिकाऱ्याला परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, शिकारीचा इलाखा ठरलेला असतो आणि किती जनावरं मारायची याचा हिशोब असतो. आपल्याकडे यातलं काहीच नाही. दुसरं त्याहून महत्त्वाचं. ड्राटहार वास लागला की थबकतं, एक पाय उचलून जनावर कुठं दडलंय ते दाखवतं आणि पुढचं काम बंदूकवाल्यावर सोडतं. त्याचं कसब त्या थबकण्यात आहे, म्हणून पुष्कळशी पारख जीव न घेताही होते. कारवानीला मधला थांबाच नाही. त्याचं काम सुरू झालं की जबड्यात संपतं. त्यामुळं ड्राटहारवाल्यांकडून घ्यायची ती गोळी नव्हे, परीक्षा. आज इथं पिल्लू विकताना आईबापांचे फोटो दाखवतात, उंची सांगतात, रंग सांगतात, कुणाकडे प्रदर्शनातला चषक असतो. ते पळतात कसे हे दाखवणारा विक्रेता विरळा. उंची आणि बारीक कंबर एवढ्यावरच जोड्या लावत गेलं तर हाती येईल ते कारवानीच्या आकाराचं दुसरंच काही असेल. खरं म्हणजे इथवर जात टिकली ती मेंढपाळांनी आणि वस्तीवरच्या लोकांनी निकामी पिल्लू पुढं चालवलं नाही म्हणून. सरकारी मान नंतर मिळाला: 2005 मध्ये टपालतिकीट, आणि 2020 मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे मुधोळ हाउंड म्हणून नोंद.

मग जीव न घेता परीक्षा कशी घ्यायची? उत्तर पन्नासेक वर्षांपूर्वीच सापडलं आहे. कॅलिफोर्नियात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच डोळ्यांनी धरणाऱ्या कुत्र्यांची उघड्या शेतांतल्या काटेरी तारांनी अंगं फाटायला लागली, तेव्हा तिथल्या लोकांनी सशाऐवजी प्लॅस्टिकची पिशवी दोरीला बांधली आणि ती जमिनीलगत पुल्यांमधून मोटरनं नागमोडी ओढली. कुत्री त्या पिशवीमागंही जीव तोडून पळतात. पिशवी म्हणजे काही ससा नव्हे, हे मान्य. सशाची हुलकावणी तिला नाही. पण वेग, वळणं, दम आणि नजर एवढं तरी त्यात कळतं. आणि ज्या पट्ट्यात मोटर, पुली, बेअरिंग आणि नायलॉनची दोरी गल्लीच्या कोपऱ्यावर मिळते, वर्कशॉपवाला एका दुपारी सांगाडा वेल्ड करून देतो, तिथं ही सोय कुणाला सुचू नये याचं नवल वाटतं. पैजा आणि तिकिटं लावून शर्यती भरवायच्या असं मी म्हणत नाही. त्यात कुत्र्याचे पाय आणि माणसाची नियत दोन्ही बिघडतात. चार-पाच मालकांनी मिळून कुंपण असलेला एखादा एकर सकाळपुरता ठरवावा, दगड वेचून काढावेत, उन्हं चढायच्या आत दोन-तीन धावा द्याव्यात, पळण्याआधी पोटभर खायला घालू नये, एवढ्यानं काम भागतं. कारण हे कुत्रं दिवसभर पळणारं नाहीच. थोडा वेळ जिवाच्या आकांतानं, आणि उरलेला दिवस झोप.

इथं सोसायटीवाल्यांचा आक्षेप अर्धा खरा ठरतो. ते म्हणतात, आमचं कारवानी घरात अगदी गुणी असतं, सोफ्यावर पडून राहतं, त्याला जागा लागतेच कुठं? बरोबर आहे, झोपायला त्याला सोफ्याएवढीच जागा लागते. चौदाव्या मजल्यावरचा माणूस दिवसाआड त्याला मोकळ्या धावेला नेत असेल, तर फाटकाशी बांधून ठेवणाऱ्या बंगलेवाल्यापेक्षा तो चांगला मालक. आणि बंगलेवाल्याचा राखणीचा मुद्दा खेड तालुक्यात तर दुबळाच आहे. जुन्नर वनविभागाच्या या उसाच्या मुलखात बिबट्या वस्तीपर्यंत येतो. अकोले तालुक्यातल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशोबानं 39 टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला होता. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो आणि ते सुटं असतं. साखळीवरचं पातळ कातडीचं कारवानी रात्री राखण काय करणार. तेच आमिष होऊन बसतं.

राहता राहिला प्रश्न, त्या धावेला काही काम देता येईल का. येतं, असं दिसतं. मुधोळजवळच्या तिम्मापूरच्या श्वान संशोधन केंद्रातून 2016 मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्राला पिल्लं गेली, आणि 2021 मध्ये हवाई दलानं चार पिल्लं घेतली ती आग्र्याच्या तळावर धावपट्टीवरचे पक्षी हुसकावण्यासाठी. तिथं पक्षी धरायचा नसतो, नुसता उडवायचा असतो. आपल्याकडे आळंदी-चाकणच्या बाजूला कचऱ्याचे ढीग, धान्याची गोदामं आणि कारखान्यांची मोठमोठी मोकळी आवारं आहेत, आणि त्या आवारांत कबुतरांचा उपद्रव कुठल्याही देखभाल विभागाला विचारावा. भिंत तर आधीच बांधलेली आहे. शिकवणारा माणूस, लसटोचणी आणि महापालिकेची नोंद एवढंच जमवायचं. सुरक्षारक्षकाच्या केबिनीशी बांधायला म्हणून कुत्रं मागणाऱ्या ठेकेदाराला ते देऊ नये. ते आवारात सकाळ-संध्याकाळ सोडायची अट करारात घालून द्यावं.