साखरेची कांडी

फूटभर लांब, बाहेरून भडक गुलाबी, आतून पांढरी. टोकाशी डोळा नेला की पांढऱ्याच्या कडेने लाल अक्षरं रिंगण धरून उभी दिसतात: ब्लॅकपूल. एक तुकडा तोडा, खालीही तेच. अर्धी संपवा, तरी तेच. इंग्लंडच्या समुद्रकाठी मिळणाऱ्या या साखरेच्या कांडीला तिथे नुसतं ‘रॉक’ म्हणतात, आणि दाढेखाली घेतली की नाव का पडलं ते कळतं.

या कांडीसोबत एका मुलीचं आयुष्य चालवून पाहू. मुलगी कल्पनेतली, पण तिच्यासारख्या हजारो होत्या. जन्म १९४६ चा, गाव लँकेशायरमधलं बर्नली. आई कापडगिरणीत मागावर, वडीलही गिरणीतच, आजीने सारी हयात साचेखात्यात काढलेली. मागाच्या धोट्यात बसते तीही कांडीच. या घरातल्या बायकांच्या दातांनी दोन्ही कांड्यांचा मार खाल्ला होता.

पहिल्या महायुद्धाआधी बर्नलीत लाखभर माग खडखडत होते, आणि लँकेशायरच्या कापडाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं हिंदुस्थान. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली ती याच मालाच्या विरोधात. पुढे ते गिऱ्हाईक हातचं गेलं आणि बर्नलीतल्या कितीतरी गिरण्यांना टाळं लागलं. मुलगी जन्मली तेव्हा उरलेल्या गिरण्या चालू होत्या, आणि वर्षातून एकदा त्या सगळ्या एकदम थांबत.

या थांबण्याला ‘वेक्स वीक’ म्हणत. मूळ गावच्या जत्रेचं. गिरण्या आल्या तेव्हा मालकांनी तेच दिवस बॉयलर साफ करायला आणि यंत्रं दुरुस्त करायला धरले. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, बर्नलीचा जुलैत. दुकानं बंद, गल्ल्या ओस. एरवी धुरात बुडालेली पेंडल टेकडी त्या दिवसांत लख्ख दिसे, पण बघायला गावात असे कोण? अर्धं गाव ब्लॅकपूलला गेलेलं. आजीच्या काळात हा आठवडा बिनपगारी होता. गिरणीत भिशीसारखा क्लब असे. वर्षभर दर आठवड्याला थोडी थोडी पेनी टाकायची आणि सुटीच्या आदल्या दिवशी सगळी उचलायची. १९३८ मध्ये भरपगारी सुटीचा कायदा झाला, पुढच्याच वर्षी युद्ध लागलं, आणि त्या कायद्याची चव लोकांना कळली ती युद्ध संपल्यावर.

मुलीला नीट आठवतो तो १९५३ चा जुलै. त्यालाही कारण आहे. गोळ्या-चॉकलेटवर जुलै १९४२ मध्ये रेशन आलं ते युद्ध संपलं तरी उठलं नाही. एप्रिल १९४९ मध्ये सरकारने उठवून पाहिलं, तर दुकानांवर अशी झुंबड उडाली की ऑगस्टमध्ये परत लावावं लागलं. शेवटी ५ फेब्रुवारी १९५३ ला गोळ्या मोकळ्या झाल्या. घरची साखर मात्र सप्टेंबरपर्यंत रेशनवरच होती. म्हणजे त्या उन्हाळ्यात आईला चहात साखर मोजून घालावी लागे, आणि सात वर्षांच्या मुलीला दुकानात उभं राहून हवी तेवढी लांब कांडी मागता येई.

गाडीत पोरांचा एकच खेळ: टॉवर आधी कोणाला दिसतो. सपाट शेतं लागली की सगळी नाकं काचेला चिकटत. १८९४ मध्ये उघडलेला, १५८ मीटर उंचीचा तो लोखंडी मनोरा दिसला की सुटी सुरू. ब्लॅकपूल सेंट्रलच्या चौदा फलाटांपैकी एकावर उतरायचं, पत्र्याची ट्रंक हातात घ्यायची आणि दरवर्षीच्या त्याच लँडलेडीच्या दारात उभं राहायचं.

लँडलेडी हे एक स्वतंत्र संस्थान होतं. नाश्ता झाला की पाहुण्यांनी बाहेर पडायचं, ते थेट जेवणाच्या वेळी परत. पाऊस पडला तरी बाहेरच; मग किनाऱ्यावरच्या आडोशाला रेनकोट घालून ओळीने बसलेली कुटुंबं समुद्राकडे बघत राहत. आंघोळीचं गरम पाणी बिलात वेगळं. काही घरांत तर टेबलावरच्या मीठ-मिरीच्या डब्यांचाही आकार लागे. पण बारा महिने पहाटेच्या भोंग्याला उठणाऱ्या आईला कोणीतरी आयता चहा आणून देत होतं, त्यापुढे मिठाचे दोन पैसे तिला जड वाटत नसत.

वाळूवर डेकचेअर भाड्याने मिळत. वडील विजारीचे पाय दोन घड्या वर घेऊन, रुमालाच्या चार कोपऱ्यांना गाठी मारून तो डोक्यावर ठेवून बसत. कोट अंगात असे तो असेच. आई चार खुर्च्या पलीकडच्या शेजारणीशी बोले, पण आवाज न काढता. मागांच्या गदारोळात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून विणकर बायका ओठांची मोठी मोठी हालचाल करून बोलत आणि ओठांवरूनच समजून घेत. समुद्रावर आल्या तरी सवय सुटत नसे. मुलीला वाटे, सगळ्यांच्याच आया अशा मुक्याने गप्पा मारतात.

सोमवार ते गुरुवार गाढवावरची रपेट. शुक्रवारी गाढवं नसत. १९४२ पासून नगरपालिकेचा नियमच आहे: किनाऱ्यावरच्या गाढवांना शुक्रवारी सुटी, आणि रोज दुपारी जेवणाची वेळ. सुट्या शनिवार ते शनिवार असल्याने शुक्रवार हा शेवटचा पुरा दिवस. गाढवांविना तो रिकामा झालेला दिवस ‘रॉक’ खरेदीचा ठरला.

आणि काही दुकानांच्या काचेतून रॉक बनताना दिसे. साखर आणि ग्लुकोजचा पाक दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास चढवून थंड केलेल्या लोखंडी टेबलावर ओतायचा. त्यातला काही ओढून ओढून पांढरा करायचा. आपल्याकडे रेवडीचा पाक आकड्याला अडकवून ओढतात, तसाच; ओढताना आत हवा भरते, म्हणून तो पांढरा होतो. थोड्याला लाल रंग. मग लाल आणि पांढऱ्या पट्ट्या रचून एकेक अक्षर घडवायचं, चांगलं हातभर लांब, जाड. सरळ रेघांची अक्षरं आधी, कारण ती आपला आकार धरून राहतात. ओ आणि सी सारखी गोल शेवटी, कारण गरम पाकात ती बसतात, चपटी होतात. पांढऱ्या गाभ्याभोवती अक्षरं उभी करायची, फटी पांढऱ्याने भरायच्या, वर गुलाबी कातडं गुंडाळायचं. तयार होतो तो ओंडका: माणसाच्या मांडीहून जाड, चादरीत गुंडाळलेल्या बाळासारखा, आणि तसाच सांभाळून न्यायचा. फिरत्या रुळांवर ठेवून त्याच्या टोकाला ओढ दिली की तो निमुळता होत बोटाएवढ्या दोरीसारखा निघतो. वितीएवढी अक्षरं मसुराएवढी होतात, पण एकही गळत नाही. सगळा खेळ निवण्याआधीच्या काही मिनिटांचा. चुकीचं अक्षर लागलं तर शेकडो कांड्यांत ते आरपार जाणार.

अक्षरं घातलेली साखर लंडनच्या रस्त्यावर विकली जाई, हे पत्रकार हेन्री मेह्यूने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नोंदवून ठेवलं आहे. गावाच्या नावाच्या रॉकचं श्रेय बहुधा बेन बुलक याला देतात. हा मूळचा बर्नलीचाच, खाणकामगार. पुढे ड्यूसबरीला मिठाई करू लागला आणि १८८७ च्या सुमारास त्याने ब्लॅकपूलचं नाव साखरेत घातलं, असं सांगतात. मुलीच्या वडिलांना ही गोष्ट माहीत असती तर त्यांनी प्रत्येक कांडीमागे ती ऐकवली असती.

एक गोष्ट मात्र मुलीने स्वतः शोधली. एका टोकाने नाव सुलट वाचता येतं, दुसऱ्या टोकाने आरशातल्यासारखं उलटं. तिने डोळा लावून दोन्हीकडून खात्री केली आणि दुकानदाराला सांगितलं. त्याला अर्थातच ठाऊक होतं.

मोठ्यांना या कांडीत भलतंच दिसे, हे तिला उशिरा कळलं. जॉर्ज फॉर्म्बीने १९३७ मध्ये ब्लॅकपूलच्या रॉकवर एक गाणं गायलं, तर बीबीसीने ते चावट म्हणून बंद केलं. वर्षभरात ग्रॅहम ग्रीनची ‘ब्रायटन रॉक’ ही कादंबरी आली. तिथे हीच कांडी माणूस आतून बदलत नाही हे सांगायला वापरलेली. रॉकच्या शेजारी टांगलेल्या आंबट पोस्टकार्डांचा चित्रकार डोनाल्ड मॅक्गिल याला १९५४ मध्ये लिंकनच्या कोर्टाने अश्लीलतेबद्दल ५० पौंड दंड आणि वर २५ पौंड खर्च भरायला लावला. आई त्या कार्डांपुढे थांबे, ओठांनीच शेजारणीला काहीतरी सांगे, आणि दोघींचे खांदे हलत.

शुक्रवारी घेतलेल्या कांड्यांतली सर्वांत मोठी आजीची. आजी ब्लॅकपूलला येत नसे. पाय दुखतात म्हणे. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की तिचा दोरा धोट्याच्या भोकातून बाहेर काढावा लागे, आणि तो तोंडाने ओढत. दिवसातून कितीतरी वेळा. तेलकट धोटा, कापसाची धूळ, आणि तोच धोटा दुसऱ्याही तोंडाला. लँकेशायरमध्ये या प्रथेवर बंदी आली ती १९५२ मध्ये. उरलेसुरले दात लग्नाआधी सगळे काढून टाकायचे, म्हणजे नवऱ्याला दवाखान्याचा खर्च नको, ही तर तिकडच्या गरिबांची जुनी रीतच होती. जुलै १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि आजीला फुकट कवळी मिळाली. कवळीने रॉक फुटत नाही. आजी कांडी टॉवेलात गुंडाळून ओट्यावर ठेवी आणि लाटण्याचा एकच घाव घाली. मग प्रत्येकाच्या वाट्याला चुरा, आणि चुऱ्यात कुठे अर्धा बी, कुठे पुरता ओ.

रॉकच्या दुकानात साखरेच्या कवळ्याही मिळत, गुलाबी हिरड्या आणि पांढरे दात. एका वर्षी मुलीने आजीसाठी तीच घेतली. आजी हसली, आणि कवळी कपाटात ठेवली.

१९५९ च्या कायद्याने जुनी यंत्रं मोडीत काढणाऱ्या गिरण्यांना सरकार पैसे देऊ लागलं. ज्या मागांवर बायकांनी जन्म घालवला ते हातोड्यांनी फोडून भंगारात गेले. १९६४ मध्ये ब्लॅकपूल सेंट्रल स्टेशन बंद झालं. मुलगी तेव्हा अठराची. सत्तरच्या दशकात ती नवऱ्याबरोबर विमानाने स्पेनमधल्या बेनिडॉर्मला गेली, जिथे पाऊस नव्हता आणि दिवसभर खोलीत बसायला कोणाची ना नव्हती. घरच्यांसाठी तिथून काय न्यायचं, हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला. शेवटी त्या काळी सगळे इंग्रज आणत तेच तिने आणलं: गवताचं गाढव. ते तोडून वाटता येत नव्हतं.

रॉक अजून मिळतो. ब्लॅकपूलच्या कारखानदारांची अलीकडची तक्रार चीनहून येणाऱ्या स्वस्त कांड्यांबद्दल आहे. बर्नलीजवळच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये वाफेच्या इंजिनावर चालणारं विणकामाचं जुनं खातं संग्रहालय म्हणून जपलं आहे. इंजिनाचं नाव ‘पीस’, म्हणजे शांतता, आणि माग सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ऐंशीच्या घरातली ही बाई नातीला घेऊन तिथे गेली, तर नातीने काय विचारलं ते तिने ओठांवरूनच ओळखलं. धोट्याचं भोक कशाला, असं विचारत होती पोर.

घरी येऊन कांडीचा कागद सोडला. नातीने टोकाला डोळा लावला आणि नाव चुकीचं छापलंय म्हणून तक्रार केली. आजीने कांडी फिरवून दिली, टॉवेल पसरला आणि खणातून लाटणं काढलं.