मुद्दल

घणसोली गावातील एका धान्याच्या दुकानात दीपावलीचे चोपडापूजन नुकतेच आटोपले होते. जुन्या गोदामाचे भाडे वाढले होते आणि मुलाने खाडीच्या बाजूला नवी जागा पाहिली होती. भाडे निम्मे. राडारोडा टाकून केलेला ताजा भराव. त्याखाली काय होते, हे मुलाने सांगितले नाही, वडिलांनी विचारले नाही. तिथे तिवरांचे बन होते, हे दोघांनाही ठाऊक होते.

तांदूळ न्यायला आलेल्या एका वृद्ध आगरी आजी ऐकत होत्या. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी गावोगावच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यापूर्वी त्यांच्या घरी भात पिकत असे. त्या म्हणाल्या, “शेठ, खाडीचा बांद एकाचा नव्हता. एकाच्या वाट्याचा फुटला, तरी खारं पानी सगल्यांच्या शेतान शिरायचं.”

आजी गेल्यावर मुलगा म्हणाला, “पप्पा, तिवरं तर गेलीच आहेत. आपण नाही घेतली, तर दुसरा कोणी घेईल.”

शाश्वततेचा प्रश्न बहुधा असाच, व्यवहाराच्या भाषेत दारी येतो. व्यापारी घराला त्याचा अर्थ नवा नाही: नफ्यावर जगावे, मुद्दल खाऊ नये. तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, असंख्य जीवांना आसरा देतात. हे गावाचे मुद्दल. मात्र ते कोणाच्याच चोपड्यात लिहिलेले नसते. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांची तोड राज्यभर रोखली. 2015 मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले, 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तरीही भराव पडतो, कारण त्यावरच्या स्वस्त जागेला गिऱ्हाईक असते.

वडिलांनी एवढेच विचारले, “करणे, करवणे आणि अनुमोदणे, यांपैकी भाडे देणे कशात बसते?”

मुलगा बराच वेळ गप्प होता. परिग्रहाचे परिमाण त्याने प्रतिक्रमणात अनेकदा ऐकले होते. त्याचा आकडा दुकानात कधी मांडला नव्हता.

लाभपंचमीला नवा चोपडा उघडला. खर्चाच्या बाजूला जुन्याच गोदामाचे वाढीव भाडे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. त्या वर्षी दुकानाचे रंगकाम राहून गेले.